एम.ए. इंग्रजीचा लेखाजोखा : नेमकं काय तपासायचं?

शिसपेन्सिल

नमस्कार मंडळी.

राज्यातल्या एका विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात मी १७ वर्षं शिकवते आहे. आमच्या अभ्यासमंडळाने आम्हा तिघांवर एक काम सोपवलंय. एम.ए. इंग्रजी कसं चाललंय ते तपासायचं, काय बदलायला हवं ते लिहायचं आणि दिवाळीच्या सुट्टीआधी अहवाल द्यायचा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून रचना पालटली. दोन वर्षांची ८८ क्रेडिट झाली, पहिल्या सत्रात संशोधनपद्धती आली, दुसऱ्यात ओजेटी (बाहेर प्रत्यक्ष काम करून घ्यायचं प्रशिक्षण), तिसऱ्या-चौथ्यात प्रकल्प. त्या रचनेतून मुलं बाहेर पडली आहेत, त्यामुळे वेळ योग्य आहे.

माझ्या टेबलावर कागद ढिगाने आहेत. विद्यार्थ्यांचे अभिप्राय, निकालाचे तक्ते, प्रत्येक पेपरच्या आउटकमची (मुलांना काय यायला हवं त्याची) अटेनमेंट, म्हणजे ते किती साधलं याचे आकडे, काढलेल्या एक्सेल शीट. सगळं हिरवंगार आहे. मला हवं ते मात्र त्यातून कळत नाही. का, ते एका प्रसंगातून सांगते.

एप्रिलमध्ये प्रकल्पाची तोंडी परीक्षा होती. एक मुलगी, आधीच्या सत्रांत ७१ टक्के. विषय इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातली, शेवटी नवऱ्याचं घर सोडून जाणारी नोरा. प्रकल्प ५८ पानांचा, स्पायरल बाइंडिंग केलेला. मी १२ वं पान उघडून म्हटलं, हे वाक्य वाच आणि मराठीत सांग. तिने वाचलं, 'ऑन्टॉलॉजिकल' या शब्दाशी दोनदा अडखळली आणि गप्प झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला, म्हणाले, घाई नाही. मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, हे मी नेटवरनं जुळवलंय. मला जे म्हणायचं होतं ते मराठीत लिहून ठेवलंय." आणि सॅकमधून शंभर पानी वही काढली.

वहीच्या मागच्या बाजूने चार पानं लिहिलेली होती. तिची मावशी सासर सोडून निघून आली त्या रात्रीबद्दल. नोरा जाताना दार आपटते. मावशीने दार आपटलं नाही, उलट बाहेरून कडी घातली, कारण गोठ्याचं दार मोडकं होतं आणि वासरू घरातून वाट काढून रस्त्यावर आलं असतं. घर सोडणाऱ्या बाईलाही त्या घरातल्या वासराची काळजी करावी लागते, आणि तरी ती सोडते, तेव्हा ते सोडणं नोरापेक्षा लहान की मोठं, असा प्रश्न तिने विचारला होता.

१७ वर्षांत नोराबद्दल इतकं स्वतःचं काही माझ्या वाचनात आलं नाही. नियमाप्रमाणे आम्ही गुण दिले ते त्या ५८ पानांना.

तर प्रश्न असा. तुम्ही एम.ए. इंग्रजी केलं असेल, करत असाल, शिकवत असाल, किंवा आमच्या मुलांना नोकरी देत असाल, तर सांगा : आम्ही नेमकं काय तपासावं? आणि एक-दोनच गोष्टी बदलता आल्या तर कोणत्या?

तासिकावाला

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत.

मी तीन महाविद्यालयांत सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे, त्यातल्या एकात एम.ए. इंग्रजीचं केंद्र आहे. तुमच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा : मंजूर पदं किती, भरलेली किती. आमच्या केंद्रावर पूर्णवेळ शिक्षक एक, बाकी आम्ही चौघे तासावर. पैसे शिकवलेल्या तासाचे. ४२ मुलांची लेखनं घरी नेऊन तपासली तर तो वेळ कुठल्याच हिशेबात येत नाही.

तरी मागच्या वर्षी मी सुरू केलं होतं. दर पंधरवड्याला एक पान, विषय कोणताही, फक्त स्वतःचं हवं. चार वेळा जमलं. पाचव्या वेळी माझ्या मुलीला डेंगी झाला आणि साखळी तुटली ती तुटलीच. मुलं अजून विचारतात, "सर, पान कधी?" त्या प्रश्नाने मला झोप लागत नाही, खरं सांगतो.

ऐरावत

पदं भरा, शंभर टक्के मान्य. पण एम.ए.च्या वर्गात साधी वाक्यरचना शिकवायची का? मग बी.ए.च्या तीन वर्षांत काय केलं? ज्याला इंग्रजीत एक परिच्छेद धड लिहिता येत नाही त्याला प्रवेशालाच थांबवा. प्रवेश परीक्षा कडक करा, वर्ग निम्मा झाला तरी चालेल. मराठीत चार पानं सुंदर लिहिली याचं कौतुक आहेच, पण पदवी इंग्रजीची आहे.

कोरी_पाटी

ऐरावत सर, थांबवलं असतं तर मी आज इथे लिहीत नसते.

मी सध्या एम.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. बी.ए. तालुक्याच्या गावी झालं. आमचे सर कविता आधी इंग्रजीत मोठ्याने वाचायचे, मग अर्थ मराठीत सांगायचे, मग पुन्हा इंग्रजीत वाचायचे. तिसऱ्या वाचनाला ती कळायची. त्या तिसऱ्या वाचनासाठी मी एम.ए.ला आले. इथे आल्यावर कविता एकदाही मोठ्याने वाचली गेली नाही. कवीचा जन्म, कालखंड, वैशिष्ट्यं, पीपीटी, संपलं.

धागाकर्तीताईंच्या प्रश्नाबद्दल. अभिप्रायाचे फॉर्म आम्ही संगणक कक्षात बसून भरले, वर्गातल्या सगळ्यांनी एकाच दुपारी. वर प्रवेश क्रमांक टाकायचा होता. अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याबद्दल प्रवेश क्रमांक टाकून कोण काय लिहिणार? सगळ्यांनी सगळीकडे 'उत्तम' केलं आणि बस पकडली. तुमच्याकडचं हिरवंगार असं आलेलं असू शकतं.

भीमाकाठ

मी प्राध्यापक नाही, इंग्रजीचा विद्यार्थीही नव्हे. ३१ वर्षं महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केलं, आता निवृत्त आहे. तरी लिहितो, कारण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं एक उत्तर आमच्याकडे पडून असतं आणि ते बघायला कोणी येत नाही.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक नेलं की परतीच्या तारखेचा शिक्का. आता संगणक आले, बारकोड आले, पण आमच्याकडे चिठ्ठ्यांवर शिक्के मारणं अगदी अलीकडेपर्यंत चालू होतं. एकदा एक बाहेरचे प्राध्यापक विभाग बघायला आले होते. बाकी सगळे सभागृहात सादरीकरण दाखवत होते, हे गृहस्थ एकटे माझ्याकडे आले. म्हणाले, एम.ए.ला नेमलेली मूळ पुस्तकं काढा आणि त्याच पुस्तकांची गाइडं काढा. मी दोन ढीग लावले. ते काही न बोलता एकेक चिठ्ठी उलटत बसले.

गाइडांच्या चिठ्ठ्या भरून गेल्या होत्या, वर दुसऱ्या डकवलेल्या, काहींवर तिसरी. मूळ कादंबऱ्यांत एकीवर शेवटचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा. एकीची पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती, कापलेलीसुद्धा नव्हती. त्यांनी माझ्याकडून पट्टी मागून घेतली आणि ती पानं स्वतः अलगद सुटी केली. मग म्हणाले, "हे कुणीतरी वाचायला हवं होतं."

नंतर त्यांनी अहवालात काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. पण विभागाची तपासणी म्हटलं की मला ते दोन ढीग आठवतात.

दुभाषी

भीमाकाठ काका, दंडवत. हा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही.

लालशाई

काकांच्या दुसऱ्या ढिगाचं पुढे काय होतं ते मी सांगते. मी दरवर्षी कॅपला जाते, उत्तरपत्रिका तपासायला. एका वर्षी शोकात्मिकेवरच्या प्रश्नाचं उत्तर तपासत होते. 'ट्रॅजिक फ्लॉ' म्हणजे नायकाच्या स्वभावातलं न्यून. पहिल्या उत्तरपत्रिकेत 'ट्रॅजिक फ्लो' लिहिलेलं. वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्यातही फ्लो. त्या गठ्ठ्यात अकरा जणांनी फ्लो लिहिलं होतं, आणि पुढचा सगळा परिच्छेदही शब्दशः सारखा. बाजूच्या टेबलावरच्या मॅडमकडे दुसऱ्या केंद्राचा गठ्ठा होता, त्यातही तेच. गाइडातली छपाईची एक चूक दोन जिल्ह्यांत फिरून आली होती.

मी मुलांना दोष देत नाही. प्रश्नच असा होता की त्याचं उत्तर गाइडातच सापडावं. 'अमुक नाटकाची शोकात्मिका म्हणून चर्चा करा' हा प्रश्न मी विद्यार्थिनी असताना आला होता, शिक्षिका झाले तेव्हाही आला. माझी एकच मागणी : प्रत्येक पेपरमध्ये २० गुणांचा अनोळखी उतारा द्या. एक कविता, एखादं दृश्य, कुणी आधी न शिकवलेलं. खाली दोन साधे प्रश्न. इथे काय चाललंय, आणि तुला हे कशावरून वाटलं? याचं गाइड निघू शकत नाही.

सातपुडा

ट्रॅजिक फ्लो!! आमच्या गावचे आजोबा तापीला पूर आला की म्हणायचे, नदीला स्वभाव असतो. फ्लो आणि फ्लॉ दोन्ही त्यात आलं की हो लालशाईताई. त्या अकरा जणांना एकेक गुण माझ्याकडून. :)

ऐरावत

@कोरी_पाटी, तुमचं तिसऱ्या वाचनाचं वाचलं. मी लिहिलं ते तुमच्यासारख्यांना उद्देशून नव्हतं, पण माझ्या नियमाने तुम्हीच अडकला असता, हे खरं आहे. प्रवेश परीक्षेचा मुद्दा मी अजून सोडत नाही. फक्त ती व्याकरणाची नसावी, वाचनाची असावी. एक गोष्ट द्या आणि विचारा, कशी वाटली. मराठीत उत्तर लिहिलं तरी चालेल. इतकं मी मागे आलो.

अनोळखी उताऱ्याला अनुमोदन.

निळीशाई८२

नेट-सेटबद्दल, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षांबद्दल, कुणीच बोललं नाही अजून. विभागाचं यश म्हणजे नेट-सेट किती जणांची झाली, हेच फलकावर लागतं, मूल्यांकनातही तोच आकडा मागतात. आता परीक्षा कशी आहे बघा. पहिला पेपर ५० प्रश्न, दुसरा १००, एकूण ३०० गुण, सगळं बहुपर्यायी. चुकलं तरी गुण कापत नाहीत. म्हणजे इंग्रजीत एक वाक्यही न लिहिता माणूस इंग्रजीचा प्राध्यापक व्हायला पात्र ठरतो. माझी नेट झाली आहे, म्हणून हे कडूपणाने बोलत नाही. त्या तयारीत मी कोणता ग्रंथ कोणत्या साली आला याच्या याद्या दोन वर्षं पाठ केल्या. शिकवायला उभा राहिलो तेव्हा पहिल्या आठवड्यात कळलं की त्या याद्यांतली बहुतेक पुस्तकं मी उघडलेलीच नाहीत. मग पगारातून एकेक घेऊन वाचत गेलो, अजून वाचतोय.

मांडवी

आम्हा गोंयकारांचीही सेट पुणे विद्यापीठच घेतं, महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच परीक्षा, त्यामुळे निळीशाईंची गोष्ट आमचीही आहे. बाकी भाषेचं म्हणाल तर इकडच्या वर्गात एकाच बाकावर कोंकणी, मराठी आणि घरात इंग्रजी बोलणारी अशी तीन मुलं बसतात. एकमेकांना कविता समजावताना ती आपोआप भाषांतर करत असतात. आमच्या एका बाईंनी त्याचाच गृहपाठ केला होता : आठ ओळींची कविता तीन भाषांत, आणि कुठला शब्द आला नाही ते खाली लिहायचं. दोन वर्षांतलं मला आज आठवतं ते तेवढंच.

दुभाषी

मांडवीताईंनी माझा विषय काढला.

मी एम.ए. इंग्रजी करून भाषांतराच्या धंद्यात आलो, १४ वर्षं झाली. ॲपमधला मजकूर, चित्रपटांची उपशीर्षकं, बँकांची पत्रकं, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, सगळं करतो. माझ्याकडे एम.ए. झालेली मुलं कामाला येतात. इंग्रजीतून मराठीत एक परिच्छेद देतो. बहुतेकांची गाडी अडते ती मराठीत. इंग्रजी वाक्य कळलेलं असतं, पण मराठीत ते बसवायचं कसं याचा सराव शून्य. बी.ए.-एम.ए.ची पाच वर्षं कुणी तसं करायला सांगितलेलंच नसतं, उलट वर्गात मराठी आली की ओशाळायची सवय लागलेली असते.

हे असं नव्हतं हो. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते. विंदा करंदीकर मुंबईत इंग्रजीचे प्राध्यापक, ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र आणि 'किंग लिअर' त्यांनी मराठीत आणलं. नेमाडे इंग्रजीच शिकवत होते. आपल्याकडच्या इंग्रजी विभागांनी मराठीला किती दिलंय! ती ये-जा बंद पडली, आणि आपण विचारत बसतो की मुलांना स्वतःचं का लिहिता येत नाही. त्या मुलीच्या चार पानांत ती ये-जा चालू होती. तिला दुसऱ्या बाजूला उतरवायला कुणी नव्हतं एवढंच.

माझी मागणी : भाषांतराचा एक पेपर सक्तीचा, चार क्रेडिट, दोन्ही दिशांनी. सिद्धान्त एक चतुर्थांश, बाकी हातकाम.

ऐरावत

सक्तीचा नको, ऐच्छिक ठेवा. विभागात बाहेरच्या राज्यांतली मुलंही असतात, त्यांनी काय करायचं?

दुभाषी

त्यांनी त्यांच्या भाषेत करावं. तेलुगूत करा, हिंदीत करा. तपासायला बाहेरचा माणूस बोलवा. अवघड आहे, पण अशक्य नाही.

सरोवराकाठी

मी अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात इंग्रजीत पीएच.डी. करते आहे. एम.ए. महाराष्ट्रातूनच. दोन्ही पाहिलंय म्हणून लिहिते. इकडचं ते सोन्याचं, असं अजिबात सुचवायचं नाही. इथे मानव्यविद्येचे पैसे कापले जातात, पीएच.डी. झाल्यावर कायम नोकरी मिळणं फार कठीण आहे, आणि आमच्या विभागात रोज त्याचीच चर्चा असते.

पण कार्यक्रमाचा आढावा कसा घेतात ते सांगण्यासारखं आहे. विभाग आधी स्वतःबद्दल लिहितो : काय जमतंय, काय नाही, कोण अर्ध्यावर सोडून गेलं आणि का. मग दुसऱ्या विद्यापीठांतले दोन-तीन इंग्रजीचेच प्राध्यापक येतात, दीड-दोन दिवस राहतात. त्यात एक तास फक्त विद्यार्थ्यांसाठी. त्या खोलीत विभागाचा एकही शिक्षक नसतो, दार बंद. मागच्या आढाव्यात मी त्या खोलीत होते. आम्ही नऊ जण. पहिली दहा मिनिटं कुणी तोंड उघडलं नाही. मग एकीने सांगितलं की तिच्या प्रकरणावर मार्गदर्शकांनी सात महिने काहीच कळवलेलं नाही. मग सगळेच बोलायला लागले. अहवालात कुणाचं नाव आलं नाही, पण लेखन किती दिवसांत परत द्यायचं याचा विभागाने लेखी नियम केला, कारण आढाव्याला लेखी उत्तर द्यावं लागतं.

दुसरं, लेखनाचं. मी इथे पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवते, तेच करून माझी फी माफ होते. प्रत्येक निबंधाचा कच्चा खर्डा येतो, त्यावर मी फार तर तीन गोष्टी लिहिते, मग मूल १५ मिनिटं समोर येऊन बसतं, मग दुसरा खर्डा. पहिल्या खर्ड्याला गुणच नाहीत. मी स्वतः एम.ए.पर्यंत आयुष्यात कुठलंही लेखन दुसऱ्यांदा लिहिलं नव्हतं! एकदा लिहायचं, गुण यायचे, संपलं. दुसऱ्यांदा लिहिताना विचार सुधारतो हे मला २६ व्या वर्षी कळलं. तासिकावाला सर, तुमचं ते 'पान' म्हणजे हेच आहे. चार वेळा केलंत ही लहान गोष्ट नाही.

तासिकावाला

धन्यवाद ताई. फार तर तीन गोष्टी, हे लक्षात ठेवतो. मी सगळं पान लाल करून द्यायचो, आणि प्रत्येकाला २० मिनिटं जायची.

कोरी_पाटी

आणि लाल पान बघून मूल घाबरतं सर. तीनच असतील तर तीन सुधारता येतात.

हिशेबनीस

मी एका महाविद्यालयात आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं काम बघतो, विषय वाणिज्य. एक्सेल शीटवर इथे सगळ्यांचा राग दिसतोय, म्हणून दोन शब्द.

आउटकम लिहा, मोजा, हे सांगण्यात चूक काही नाही. 'विद्यार्थ्याला अनोळखी कवितेचा अर्थ लावता येईल' हा आउटकम तुम्हीच लिहिलेला असतो. चूक होते ती मोजण्यात. आपण एकूण गुण घेतो आणि तेच आउटकमला चिकटवतो. गाइडातल्या उत्तराला मिळालेले १२ गुण त्या कवितेच्या खात्यात जमा होतात. जमाखर्चात असं केलं तर लेखापरीक्षक वही परत फेकेल.

नॅकबद्दलही, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेबद्दल, एक खुलासा. विद्यार्थी समाधान सर्वेक्षण नॅक थेट मुलांना ईमेल पाठवून घेतं, ते तुमच्या संगणक कक्षातलं नव्हे. संस्थेचे अंतर्गत अभिप्राय वेगळे. कोरी_पाटी म्हणतात तो दोष संस्थेचा आहे आणि तो उद्या सकाळी सुधारता येतो. क्रमांक काढून टाका आणि निकाल लागल्यावर फॉर्म भरून घ्या. पैसा लागत नाही.

शिसपेन्सिल मॅडम, तुम्हाला एक साधा प्रयोग सुचवतो. दहा विद्यार्थ्यांचं पहिल्या सत्रातलं एक लेखन आणि त्यांचंच चौथ्या सत्रातलं एक लेखन घ्या. नावं झाका, सत्र झाका, वीस कागद पिसून दोन बाहेरच्या प्राध्यापकांना द्या. विचारा, कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं? त्यांना ओळखता आलं तर तुमचा अभ्यासक्रम काहीतरी करतोय. नाही आलं तर दोन वर्षांत मुलांच्या लेखनात फरक पडलेला नाही, मग अटेनमेंट काहीही असो.

लालशाई

हिशेबनीस, वाणिज्यवाल्याने आम्हाला आमचंच काम शिकवलं. मनापासून आभार.

बोरघाट

ओजेटीवर कुणी लिहिलं नाही म्हणून. चार क्रेडिट आहेत त्याला. आमच्याकडे पहिल्या वर्षी बहुतेक मुलांनी ओळखीच्या कोचिंग क्लासचं प्रमाणपत्र आणून दिलं, आम्ही घेतलं, कारण आम्हालाही इंग्रजीच्या मुलांना कुठे पाठवायचं ते सुचत नव्हतं. दुसऱ्या वर्षी गावातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाशी बोललो. तिथे इंग्रजी पुस्तकांची तीन कपाटं कुलूपबंद होती, यादी नव्हती. सहा मुलांनी यादी केली : नाव, लेखक, साल, आणि प्रत्येक पुस्तकाबद्दल मराठीत तीन ओळी, जेणेकरून गावातल्या माणसाला कळावं की हे वाचावं का. तीन ओळींसाठी पुस्तक चाळावं लागतं. एकाने चाळता चाळता एक कादंबरी पूर्ण वाचली आणि सत्रापुरतं ठरलेलं काम संपल्यावरही तो दर शनिवारी जातो. वाचनालयाने ती यादी दर्शनी भागात लावली आहे. कपाटांना आता कुलूप नसतं.

भीमाकाठ

बोरघाट साहेब, त्या मुलांना माझा नमस्कार सांगा. कधी तुमच्या गावाकडे आलो तर ती यादी बघायला येईन.

पिंपळपान

अवांतर : मी २००९ ला एम.ए. इंग्रजी केलं, आता शेती आणि दुधाचा धंदा बघतो. इतक्या वर्षांत विभागातून कुणी एक फोन केला नाही की बाबा, काय करतोस, शिकलेलं काही उपयोगी पडलं का. पडलं, हे सांगायला मला आवडलं असतं. रात्री धार काढायच्या आधी मी अजून कविता वाचतो. मुलीला वाचून दाखवतो. मोजायचं असेल तर हेही मोजा.

ऐरावत

हे अवांतर नाही.

शिसपेन्सिल

मंडळी, साडेतीन आठवड्यांनी परत येते आहे. सगळे प्रतिसाद छापून समितीच्या बैठकीत नेले होते, नावं काढून.

आधी केलं काय ते सांगते. काकांचं वाचून दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयात गेले. आमच्याकडे आता बारकोड आहे, पण जुन्या चिठ्ठ्या तशाच आहेत. नोराच्या तीन प्रती. पहिली कोरी. दुसरीवर चार शिक्के, त्यातला एक २०१४ चा, आणि तारीख बघून लक्षात आलं की ती मीच नेली होती. तिसरी प्रत जागेवर नव्हती. संगणकात पाहिलं तर ती त्या वहीवाल्या मुलीच्या नावावर होती, दोनदा मुदत वाढवलेली.

हिशेबनिसांचा प्रयोगही केला. पहिल्या सत्राची जुनी लेखनं सात जणांचीच सापडली, तेवढ्यांवर केला. दोन बाहेरच्या प्राध्यापकांपैकी एकाने सातांतल्या तीन जोड्या बरोबर ओळखल्या, दुसऱ्या बाईंनी चार. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. समितीत दहा मिनिटं कुणी बोललं नाही. एक सहकारी म्हणाले की सात हा नमुना फार लहान आहे. बरोबर आहे त्यांचं, म्हणून यंदापासून प्रत्येक मुलाचं पहिल्या आठवड्यातलं एक लेखन जपून ठेवायचं ठरलं.

माजी विद्यार्थ्यांना मी स्वतः फोन लावले. ३० क्रमांक होते, १९ लागले. पिंपळपान, तुमच्यासारखे दोघे भेटले, एक पोलीस खात्यात आणि एक अंगणवाडीत. पोलिसातल्या मुलाने विचारलं, मॅडम, पुन्हा एखादा तास ऐकायला येऊ का?

अहवालात मी चार गोष्टी लावून धरल्या. प्रत्येक पेपरमध्ये अनोळखी उतारा, सध्या १५ गुणांचा. अंतर्गत गुणांपैकी निम्मे अशा लेखनाला, जे दोनदा लिहिलं गेलंय, आणि त्याच्या तपासणीचा वेळ तासिकावाल्यांच्या तासांत धरायचा. हा शेवटचा भाग वर मंजूर होईल का, मला खात्री नाही, पण तो लेखी गेला आहे आणि मी पाठपुरावा सोडणार नाही. भाषांतराचा पेपर आला, पण ऐच्छिक म्हणून. दुभाषी, रागावू नका, पुढच्या फेरीत बघू. आणि प्रकल्पाला मराठीत, किंवा मुलाच्या कोणत्याही भाषेत, आधी लिहिलेली टिपणं जोडायची मुभा, तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न विचारायचे आणि गुण द्यायचे. यावर सगळ्यात मोठा वाद झाला. "इंग्रजीच्या प्रकल्पात मराठी?" हे मला सहा वेळा ऐकावं लागलं. सहाव्यांदा मी वहीच्या चार पानांची छायाप्रत, तिच्या परवानगीने, टेबलावर ठेवली. वाचून झाल्यावर विरोध करणाऱ्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "ही मुलगी आत्ता कुठे आहे?"

ती इथेच आहे. जूनपासून शुक्रवारी दुपारी विभागात येते. तिची चार पानं आम्ही दोघी इंग्रजीत नेतोय. तिसरा खर्डा चालू आहे. तीन शुक्रवार एका शब्दावर गेले : कडी. एक इंग्रजी शब्द फार जड, एक फार शहरी, एकाने कुलूप लावल्यासारखं वाटतं. मावशीने कुलूप लावलं नव्हतं, परत उघडता येईल असं काहीतरी लावलं होतं. शेवटी तिने इंग्रजी वाक्यात 'कडी' तशीच ठेवली आणि पुढच्या ओळीत वासरू आणलं. वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

दुभाषी

रागावलो नाही. ऐच्छिक तर ऐच्छिक. पहिल्या तुकडीला शिकवायला माणूस हवा असेल तर मी येईन, महिन्यातून दोन शनिवार, मानधन नको. आणि तो तिसरा खर्डा तिला चालत असेल तर वाचायला द्या. 'कडी' ठेवली तशी गोठ्यालाही ती काय म्हणते ते बघायचंय.

शिसपेन्सिल

विचारते तिला. गोठ्याचा शब्द अजून ठरलेला नाही, येत्या शुक्रवारी तोच आहे.

भीमाकाठ

मॅडम, ती तिसरी प्रत तिच्याकडून परत मागू नका. मुदत संपली तर ग्रंथपालांना सांगा, अजून एकदा वाढवून देतील. आम्ही देत असू.